शितावरून भाताची परीक्षा

चुलीवरचा भात शिजला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं कोणतीही गृहिणी सगळें पातेलें उपसून पाहत नाहीं. पळीच्या टोंकावर एक शीत घ्यावें, तें अंगठा व तर्जनी यांच्यामध्यें दाबावें आणि झांकण परत ठेवावें, एवढ्यांत निकाल लागतो. या व्यवहाराला भाषेंत म्हणीचें स्थान मिळालें, आणि पुढें ती म्हण माणसांची, घरांची व गांवांची परीक्षा करण्यासही लोक वापरूं लागले. पण शितावरून भाताची परीक्षा खरी ठरते याला एक कारण आहे. पातेल्यांतलें पाणी उकळून खालवर होत असतें, उष्णता सगळीकडे जवळजवळ सारखी पोंचते, आणि म्हणून एक शीत दुसऱ्या शितासारखेंच असतें. जेथें असें ढवळणें झालेलें नाहीं तेथें एका शितावरून भलताच निकाल निघेल. तळाशीं करपलेल्या भाताचें वरचें शीत पुष्कळदां उत्तम असतें.

उभें पीक हें असें न ढवळलेलें पातेलें आहे. नदीकांठची जमीन व माळ, विहिरीचें पाणी मिळालेलें शेत व कोरडवाहू शेत, बांधाजवळची ओळ व मधली ओळ, यांत कोठेंच सारखेपणा नाहीं. तरीही एखाद्या प्रांताचें सगळें पीक कापून, मळून व तोलून पाहणें ही अशक्य गोष्ट. आणि तसें कोणी केलेंच तर उत्तर हातीं येईपर्यंत धान्य बाजारांतून पोटांत गेलेलें असावयाचें. तेव्हां थोडीं शितें काढूनच निकाल द्यावा लागतो. हीं शितें कोणतीं, किती आणि कशीं काढावयाचीं, या तीन प्रश्नांचीं उत्तरें शोधतां शोधतां विसाव्या शतकांत गणित, शेतकीशास्त्र आणि यंत्रगणना या तीन विद्या एकत्र आल्या; आणि त्या संगमाचा मोठा भाग हिंदुस्थानांतल्या शेतांवर घडून आला.

त्यापूर्वींची रीत म्हणजे आणेवारी. पीक कापणीला येण्याच्या सुमारास गांवचे व तालुक्याचे अधिकारी शिवारांतून फिरत, बांधावर उभे राहून पिकावर नजर टाकीत, आणि हें दहा आणे, हें बारा आणे, असा भाव ठरवीत. मग त्या पिकाखालचें क्षेत्र, नेहमींच्या वर्षीं एकरीं येणारें उत्पन्न आणि हे आणे यांचा गुणाकार केला कीं जिल्ह्याचें पीक कागदावर तयार होई. रीत सोपी, बिनखर्चाची, आणि गांवच्या माणसांना समजणारी होती, हें नाकारतां येत नाहीं. पण तिच्यांतील प्रत्येक पायरी डळमळीत होती. ‘नेहमींचें वर्ष’ म्हणजे काय, यावरच एकमत नव्हतें; कोठें सोळा आणे म्हणजे नेहमींचें पीक मानीत, तर कोठें बारा आणे. शिवाय शेतसाऱ्याची सूट या आण्यांवर अवलंबून असल्यामुळें बांधाच्या एका बाजूला उभ्या असलेल्या माणसाला पीक खुरटें दिसे, आणि दुसऱ्या बाजूच्या माणसाला तेंच डोलदार दिसे. दोघेही खोटें बोलत असत असें मुळींच नाहीं. डोळ्याला जें पाहण्याची गरज असते तें तो पाहतो, इतकेंच. १९५७ सालीं दशमान नाणीं आलीं आणि आणेवारीची पैसेवारी झाली. महाराष्ट्रांत ती अजूनही जाहीर होते, आणि आपल्या गांवाची पैसेवारी पन्नास पैशांच्या वर गेली कीं खालीं राहिली, या एका आकड्याकडे सबंध गांवाचे कान लागलेले असतात.

आकडा चुकला तर काय होतें, याचें सर्वांत भयंकर उदाहरण बंगालचें आहे. १७९३ च्या कायमधाऱ्याच्या पद्धतीमुळें तेथें सारा जमीनदारांकडून वसूल होई. महाराष्ट्रांतल्यासारखा दर गांवाला पिकांच्या नोंदी ठेवणारा कुलकर्णी किंवा तलाठी तेथें नव्हता. कोणत्या पिकाखालीं किती जमीन आहे ही माहिती गांवच्या चौकीदाराच्या तोंडून वर जात असे. १९४२ सालीं ब्रह्मदेश जपानच्या हातीं पडला आणि तेथून येणारा तांदूळ थांबला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत मिदनापूरच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आदळलें, आणि भातावर तपकिरी ठिपक्यांचा बुरशीरोग पसरला. १९४३ च्या दुष्काळांत माणसें मेलीं तीं सरकारी चौकशी मंडळाच्या १९४५ च्या अहवालाप्रमाणें सुमारें १५ लाख, आणि पुढील अभ्यासकांच्या हिशेबानें ३० लाखांपर्यंत. परंतु त्या वर्षीं बंगालमध्यें तांदूळ खरोखर किती होता? अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालच्या आपल्या ग्रंथांत सरकारी आकडे घेऊनच असें दाखविलें कीं, १९४३ मध्यें उपलब्ध असलेला तांदूळ १९४१ पेक्षां कमी नव्हता. भाववाढीमुळें मजुरांना तो विकत घेतां आला नाहीं. उलट वनस्पतिरोगांचे अभ्यासक एस्. वाय्. पद्मनाभन् यांनीं १९७३ सालीं बांकुरा व चिंसुरा येथील भातसंशोधन केंद्रांवरच्या नोंदी पुढें मांडून म्हटलें कीं, रोगानें कांहीं जातींच्या भाताचें पीक जवळजवळ नाहींसें केलें होतें. हा वाद अजूनही कोणाला पूर्णपणें मिटवितां आलेला नाहीं, कारण ज्या आकड्यांवर तो उभा आहे ते आकडेच मुळीं चौकीदाराच्या अदमासाचे आहेत.

हा अदमास टाळण्याचा पहिला शास्त्रीय प्रयत्न त्या दुष्काळापूर्वीं वीस वर्षें, शेजारच्याच प्रांतांत झाला होता. जॉन हबॅक नांवाचे एक सनदी अधिकारी बिहार-ओरिसा प्रांतांत होते, आणि पुढें १९३६ सालीं ते ओरिसाचे पहिले गव्हर्नर झाले. १९२३ ते १९२५ या काळांत त्यांनीं भाताच्या शेतांत एक लहानशी त्रिकोणी चौकट टाकून तेवढ्याच जागेंतलें पीक कापून तोलण्याचा उद्योग आरंभिला. त्या त्रिकोणाचें क्षेत्रफळ एकराचा ३२०० वा भाग, म्हणजे सुमारें साडेतेरा चौरस फूट होतें. चौकटीपेक्षां महत्त्वाचा होता तो नियम: चौकट कोठें पडावी हें कापणाऱ्याच्या पसंतीवर सोडावयाचें नाहीं, तें दैवावर सोडावयाचें. असें केलें म्हणजे कापणाऱ्याची आवडनिवड बाजूला राहते, एवढाच लाभ नव्हे, तर इतक्या नमुन्यांवरून काढलेलें उत्तर किती चुकूं शकेल हेंही सांगतां येतें, असें त्यांनीं लिहून ठेविलें. हें पुस्तक १९२७ सालीं पुसा येथील कृषिसंशोधन संस्थेनें छापलें. इंग्लंडांत रॉथमस्टेड येथें शेतीच्या प्रयोगांना गणिताची बैठक देणारे रोनाल्ड फिशर यांनीं त्याचें ऋण पुढें मोकळेपणानें मान्य केलें. एका कलेक्टरी पेशाच्या माणसानें बिहारच्या चिखलांत काढलेली युक्ति विलायतेच्या संशोधनसंस्थेंत उपयोगी पडावी, हें आजच्या वाचकाला थोडें नवल वाटेल.

निवड दैवावर कां सोडावयाची? अनुभवी माणसानें चार सर्वसाधारण शेतें निवडलीं तर काय बिघडलें? या प्रश्नाला रॉथमस्टेडच्याच फ्रँक येट्स यांनीं १९३५ सालीं एक गमतीचें उत्तर दिलें. सुमारें बाराशें दगड टेबलावर पसरले, आणि निरीक्षकांना सांगितलें कीं, सगळ्यांची सरासरी ज्यांत उतरेल असे वीस वीस दगड वेंचून काढा. निरीक्षक प्रामाणिक होते. कोणाचा कांहीं स्वार्थ नव्हता. तरीही बहुतेकांच्या ढिगांची सरासरी खऱ्या सरासरीपेक्षां जास्त भरली. लहान दगडांकडे हात जातच नाहीं. मोठा दगड डोळ्यांत भरतो. शेतांचेंही तसेंच आहे. रस्त्याच्या कडेचें, सारखें पेरलेलें, तण काढलेलें शेत ‘सर्वसाधारण’ वाटतें, आणि ओढ्यापलीकडचें पडकें शेत हिशेबांतून आपोआप गळतें.

तेव्हां चिठ्ठ्या टाकाव्यात. पण हजारों शेतांच्या चिठ्ठ्या करणें व त्या नीट मिसळणें हेंही सोपें काम नव्हे. म्हणून एल्. एच्. सी. टिपेट या इंग्रज संख्याशास्त्रज्ञानें १९२७ सालीं ४१,६०० अंकांचें एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत सुसूत्र असें कांहींच नाहीं, आणि तेंच त्याचें वैशिष्ट्य. सरकारी जनगणनेच्या अहवालांतून उचललेले हे अंक एकापुढें एक छापलेले आहेत. कोणतेंही पान उघडावें, कोणत्याही ओळीपासून वाचावें, आणि येतील त्या क्रमांकांचीं शेतें घ्यावींत. पंचांगाप्रमाणें मुहूर्त न सांगणारें, किंबहुना कांहींच न सांगणारें हें पुस्तक कलकत्त्याच्या संख्याशास्त्रज्ञांच्या टेबलावर नित्य उघडें असे.

निवड दैवावर सोडली म्हणजे गणिताला पाय टेकावयाला जागा मिळते. समजा, एका जिल्ह्यांतल्या ज्वारीच्या शेतांचें उत्पन्न सरासरीच्या मागेंपुढें साधारणपणें चाळीस टक्क्यांनीं हेलकावतें. एकच शेत कापलें तर उत्तर चाळीस टक्क्यांनीं चुकणें स्वाभाविक आहे. शंभर शेतें कापलीं तर ही चूक शंभराच्या वर्गमुळानें, म्हणजे दहानें, भागली जाते व चार टक्क्यांवर येते. चारशें कापलीं तर दोन टक्क्यांवर, आणि सोळाशें कापलीं तर एका टक्क्यावर. अर्थात् चूक निम्मी करावयाची तर मेहनत चौपट करावी लागते, आणि कोठें थांबावें हा प्रश्न गणिताइतकाच तिजोरीचाही होतो. याहून चमत्कारिक वाटणारी गोष्ट अशी कीं, जिल्ह्यांत शेतें दहा हजार आहेत कीं एक लाख आहेत, यामुळें या हिशेबांत जवळजवळ कांहींच फरक पडत नाहीं. पातेलें मोठें म्हणून जास्त शितें दाबून पाहावीं लागत नाहींत. शितांशितांत फरक किती, एवढेंच महत्त्वाचें.

हें गणित मोठ्या प्रमाणावर रानांत उतरविण्याचें श्रेय प्रशांतचंद्र महालनोबिस यांचें. ते मूळचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांतील एका खोलींत त्यांनीं संख्याशास्त्राची लहानशी प्रयोगशाळा मांडली, आणि तींतूनच १९३१ सालीं भारतीय संख्याशास्त्र संस्था जन्मास आली. १९३३ मध्यें तिचें त्रैमासिक निघालें, त्याचें नांव ‘संख्या’. संख्या आणि सम्यक् ज्ञान हे दोन्ही अर्थ त्या एका शब्दांत आहेत, हें संपादकांना विशेष प्रिय होतें. १९३७ सालीं त्यांच्याकडे बंगालच्या तागाचें काम आलें. जगांतल्या बहुतेक पोत्यांचें सूत त्या एका प्रांतांतून जाई, आणि पीक किती आलें याच्या नुसत्या अफवेनें बाजारभाव वरखालीं होई. महालनोबिस यांनीं एकदम सगळा प्रांत हातीं घेतला नाहीं. आधीं एका लहान भागांत, मग जरा मोठ्या भागांत, असें करीत १९४१ पर्यंत पाहणी प्रांतभर नेली. नकाशावर आंकडे पाडून ठिपके टाकावयाचे, त्या ठिपक्यांभोंवतीं लहान चौरस आंखावयाचे आणि त्या चौरसांत किती ताग उभा आहे हें माणसें पाठवून मोजावयाचें, अशी त्यांची रीत होती. चौरस किती मोठा घ्यावा हेंही त्यांनीं तर्कावर सोडलें नाहीं. एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत चालण्याला किती वेळ लागतो, मोजण्याला किती, कागद नक्कल करण्याला किती, याच्या नोंदी ठेवून, ठराविक रकमेंत जास्तींत जास्त अचूकपणा कसा मिळेल याचें त्यांनीं समीकरण मांडलें. माणसाच्या पायपिटीला समीकरणांत असें मानाचें स्थान क्वचितच मिळालें असेल.

त्यांची दुसरी कल्पना तर अधिकच नामी होती. एकाच प्रदेशांत दोन वेगळ्या तुकड्या पाठवावयाच्या. दोघींना वेगवेगळे ठिपके द्यावयाचे, पण दोन्हीं जाळीं एकमेकांत गुंफलेलीं असावींत. एकीला दुसरीचे आकडे कळूं द्यावयाचे नाहींत. शेवटीं दोघींचीं उत्तरें शेजारीं शेजारीं ठेवावयाचीं. तीं जवळजवळ असलीं तर ठीक. फार दूर असलीं तर कोणीतरी झाडाखालीं बसून वही भरली आहे, हें शेतावर न जातां कलकत्त्यास बसून उमगतें. सासू-सुनांनीं स्वतंत्रपणें डबे मोजावे आणि मग हिशेब जुळवावा, तसा हा प्रकार.

पण या वह्या जेव्हां हजारांनीं येऊं लागल्या, तेव्हां त्यांचा हिशेब करणें हेंच एक मोठें कारखान्यासारखें काम होऊन बसलें. ‘गणक’ हा शब्द त्या काळीं यंत्राला लावीत नसत. तो माणसाचा हुद्दा होता. हाताच्या मुठीनें फिरविण्याचीं गणनयंत्रें पुढें घेऊन ओळीनें माणसें बसत. एकानें केलेला गुणाकार दुसरा पुन्हां करून पाही. पुढें भोंकें पाडलेल्या कार्डांचीं यंत्रें आलीं. १९५३ सालीं समरेंद्रकुमार मित्र यांनीं संस्थेंतच एक लहान सादृश्य-संगणक बांधला, आणि १९५६ सालीं विलायतेहून आलेला इलेक्ट्रॉनिक संगणक संस्थेंत सुरू झाला. अंकांवर चालणारा तो हिंदुस्थानांतला पहिला संगणक. या देशांत संगणकाला पहिली भूक लागली ती अशा शेता-घरांच्या वह्यांची, हें विसरलें जातें.

आतां या कथेंत महाराष्ट्राचा प्रवेश होतो. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ सालीं सातारा जिल्ह्यांतल्या बुध या गांवीं झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांतून ते लंडनला गेले, आणि तेथें नेमन व पीअर्सन यांच्या सहवासांत त्यांनीं नमुनेपाहणीचें गणित आत्मसात केलें. प्रदेशाचे आधीं एकजिनसी भाग पाडावेत आणि मग प्रत्येक भागांतून दैवानें नमुने घ्यावेत, या पद्धतीची पक्की उभारणी नेमन यांनीं १९३४ सालीं केली होती. परत आल्यावर सुखात्मे दिल्लीच्या कृषिसंशोधन परिषदेंत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. त्याच सुमारास वऱ्हाडांत, १९४२-४३ च्या हंगामांत, अकोला जिल्ह्यांतील कापसावर पानसे व कळमकर यांनीं अशाच पद्धतीची पाहणी करून दाखविली होती. दर तालुक्यांतून दैवानें गांवें, गांवांतून शेतें, आणि शेतांत एक तुकडा, अशी ही उतरंड.

तुकडा केवढा असावा, यावर मात्र दिल्ली आणि कलकत्ता यांच्यामध्यें मोठा खटका उडाला. महालनोबिस यांचे लोक लहान गोल तुकडे कापीत. मध्यें खुंटी रोवून तिच्याभोंवतीं दांडी फिरवावी आणि आंतलें पीक कापावें. तुकडा लहान, म्हणून दिवसांत पुष्कळ शेतें होतात, आणि पुष्कळ शेतें म्हणजे कमी चूक. वर सांगितलेल्या गणिताप्रमाणें हें बिनतोड दिसतें. सुखात्मे यांनीं १९४४-४५ सालीं मुरादाबाद जिल्ह्यांत त्याच गव्हाच्या शेतांत लहानमोठे तुकडे शेजारीं शेजारीं कापून पाहिले, तेव्हां असें आढळलें कीं तुकडा जितका लहान, तितकें एकरीं उत्पन्न जास्त दिसतें; आणि दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळांत तर तें मोठ्या तुकड्यांपेक्षां फारच फुगतें. जमीन तीच, गहू तोच. मग हा जास्तीचा गहू आला कोठून?

तो कडेवरून आला. तुकड्याच्या रेषेवर उभीं असलेलीं रोपें आंतलीं कीं बाहेरचीं, हें ठरवितांना विळा धरणारा हात नकळत त्यांना आंत घेतो. हातांत आलेलें कणीस सोडून देणें शेतकऱ्याच्या जिवावर येतें, हें कोणालाही समजण्यासारखें आहे. समजा, ही चूक सगळीकडून फक्त एका इंचाची आहे. दोन फूट त्रिज्येचें वर्तुळ मग दोन फूट एक इंच त्रिज्येचें होतें, आणि त्याचें क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनीं वाढतें. तेंच ३३ फूट लांब व साडेसोळा फूट रुंद असा, म्हणजे बरोबर एकराच्या ऐंशीव्या भागाचा, आयत घेतला आणि चारही बाजूंनीं एक एक इंच वाढविला, तर वाढ अवघी दीड टक्का होते. लहान तुकड्याला पोटाच्या मानानें कड फार असते. घरीं लहान पुऱ्या लाटल्या तर कणकेच्या मानानें कांठच अधिक होतात, हा अनुभव प्रत्येक स्वयंपाकघरांत आहेच.

आणि येथें सगळ्या वादाचें मर्म आहे. दैवाची चूक कधीं इकडे जाते, कधीं तिकडे. नमुने वाढविले कीं ती आपोआप कमी होते. कडेची चूक मात्र नेहमीं एकाच बाजूला कललेली असते. शंभर वर्तुळें कापा कीं दहा हजार कापा, प्रत्येक वर्तुळ एक इंच फुगलेलें असेल तर उत्तर साडेआठ टक्क्यांनीं फुगलेलेंच राहणार. इतकेंच नव्हे, तर नमुने पुष्कळ असल्यामुळें त्या चुकीच्या उत्तरावर विश्वास मात्र अधिक बसणार. महालनोबिस यांच्या दोन तुकड्यांच्या युक्तीलाही हा दोष सांपडत नाहीं. दोघींचे हात सारखेच कलत असतील तर दोघींचीं उत्तरें छान जुळतात. महालनोबिस यांनीं १९४६ सालीं ‘नेचर’ या साप्ताहिकांतून उत्तर दिलें तें असें कीं, दोष तुकड्याचा नाहीं, शिक्षण न मिळालेल्या माणसांचा आहे. चांगलें उपकरण आणि तयार केलेले कायमचे पाहणीदार असले तर लहान तुकडाही खरें बोलतो. याउलट सुखात्मे यांचें म्हणणें असें कीं, पाहणी देशभर व्हावयाची असेल तर ती महसूल व शेतकी खात्यांतल्या आहेत त्याच माणसांकडून करून घेतली पाहिजे, आणि पद्धत अशी हवी कीं साध्या माणसाचा साधा हातही तींत फारसा चुकूं नये. या वादांत गणिताबरोबरच संस्थांची चुरसही होती, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. तथापि हिंदुस्थानच्या पसाऱ्याचा विचार केला तर सुखात्मे यांचें पारडें जड भरतें. कृषिसंशोधन परिषदेचा एकराच्या ऐंशीव्या भागाचा तुकडा प्रांतोप्रांतीं रूढ झाला. सुखात्मे १९५१ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेंत गेले आणि तेथें जगाच्या अन्नाचा हिशेब मांडूं लागले. महालनोबिस यांची परस्परगुंफित जाळ्यांची युक्तीही टिकून राहिली. १९५० सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीनें ती आपलीशी केली.

त्या ३३ फूट आयताचा वंशज महाराष्ट्रांत आज दहा मीटर लांब व पांच मीटर रुंद असा दिसतो. २०१६ च्या खरीप हंगामापासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेनें त्याला पूर्वीं कधीं नव्हतें एवढें महत्त्व आणून दिलें आहे. विमाक्षेत्राचें सरासरी उत्पन्न ठरलेल्या उंबरठ्याखालीं गेलें तर त्या क्षेत्रांतील विमाधारक शेतकऱ्यांना भरपाई मिळते, आणि तें सरासरी उत्पन्न या पीककापणी प्रयोगांवरून काढलें जातें. पूर्वींच्या विमायोजनांत हें क्षेत्र पुष्कळदां तालुक्याएवढें असे. एका कोपऱ्यांत गारपीट होई आणि तालुक्याच्या सरासरींत ती बुडून जाई. शेतकऱ्यांची तक्रार रास्त होती. म्हणून मुख्य पिकांसाठीं क्षेत्र गांव किंवा ग्रामपंचायत इतकें लहान करण्याचें ठरलें, आणि तेथें किमान चार कापणीप्रयोग नेमले. न्यायाच्या दृष्टीनें हें पाऊल योग्यच होतें. पण वर्गमुळाचा नियम कोणाची रदबदली ऐकत नाहीं. गांवांतल्या शेताशेतांत तीस टक्क्यांचा फरक आहे असें धरलें, तर चार प्रयोगांवरून काढलेली सरासरी पंधरा टक्क्यांनीं सहज इकडेतिकडे होते. सोळा प्रयोग केले तर साडेसात टक्क्यांनीं. म्हणजे क्षेत्र लहान केल्यानें आकडा शेतकऱ्याच्या जवळ आला, पण त्याच वेळीं तो अधिक डगमगूं लागला. उंबरठ्याच्या दोन पायल्या वर कीं दोन पायल्या खालीं, एवढ्यावर सबंध गांवाची भरपाई अवलंबून असतां असा डगमगणारा आकडा हातीं असणें ही लहान अडचण नव्हे. प्रत्येक गांवांत प्रयोग चौपट करावे तर कापणीच्या त्या दोन-तीन आठवड्यांत तितकीं माणसें आणावयाचीं कोठून?

शिवाय आणेवारीच्या बांधावरची ती जुनी ओढाताण नव्या वेषांत परत आलीच आहे. तुकडा चांगला उतरला तर विमाकंपनीचा लाभ, वाईट उतरला तर गांवाचा. आणि दोघांचेही प्रतिनिधि कापणीच्या वेळीं तेथें उभे असूं शकतात. म्हणून आतां प्रयोगाची जागा व वेळ भ्रमणध्वनीवरून छायाचित्रासह नोंदवितात. २०२३ च्या खरिपापासून भात व गहू या पिकांच्या बाबतींत उपग्रहावरील चित्रांच्या साह्यानें काढलेल्या अंदाजालाही अंतिम आकड्यांत किमान तीस टक्के वजन देण्याचें ठरलें. उपग्रह पिकाचा हिरवेपणा टिपतो, आणि संगणक त्यावरून उत्पन्न काढतो. पण हिरवेपणा किती असला म्हणजे धान्य किती भरतें, हें त्या संगणकाला शिकवावयाचें तें जमिनीवर कापून तोललेल्या तुकड्यांवरूनच. तुकडे कलले असतील तर आकाशांतला डोळाही तितकाच कलणार.

त्यामुळें हंगामांत सर्व कांहीं येऊन थांबतें तें अखेर शेताच्या नैऋत्य कोपऱ्यांत उभ्या असलेल्या दोन-तीन माणसांपाशीं. ते पावलांनीं शेताची लांबी व रुंदी मोजतात, तींतून तुकड्याची लांबी-रुंदी वजा करतात, दैवानें आलेले दोन आकडे घेतात, आणि पहिल्याइतकीं पावलें लांबीकडे, दुसऱ्याइतकीं रुंदीकडे चालून खुंटी ठोकतात. खुंटी खडकाळ जागीं आली म्हणून ती हलवावयाची नसते, आणि भरदार पिकांत आली म्हणूनही नाहीं. मग चार खुंट्यांना दोरी ताणतात, कर्ण मोजून कोपरे काटकोनांत आहेत कीं नाहींत हें पाहतात. दोरीवर आलेल्या प्रत्येक रोपापाशीं एकजण वांकतो, पानें बाजूला सारतो आणि बुंधा पाहतो. बुंध्याचा अर्ध्याहून अधिक भाग दोरीच्या आंत असेल तर तें रोप कापावयाचें, नाहीं तर सोडावयाचें.